दोन अक्का

मालवण, धुरीवाडा
१४ नोव्हेंबर

चि. गौरजा हिस,

वयानं थोरली असल्यामुळे आशीर्वाद द्यावे लागतात, म्हणून अनेक आशीर्वाद. इकडे अक्का बरी आहे. विहिरीच्या पंपाची मोटर बरी नाही. माझी तब्येत कुणी विचारत नाही, त्या अर्थी ती ठीकच असावी.

फोनवर रोज बोलतो, मग ताईला पत्राची हौस का आली, असं तू लिफाफा बघून आपल्या जावयाला, केयूरला, विचारशील. अगं, आपण बोलतो कुठे? आपल्या आईला, अक्काला, कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर, आणि स्पीकरवर असला की तो शेजारच्या अंगणापर्यंत ऐकू जातो. अक्का समोर पाय पसरून बसलेली असताना अक्काविषयी मी तुला काय सांगणार? मेसेज केला तर तू उत्तरादाखल अंगठा पाठवतेस. पत्राला अंगठा पाठवता येत नाही, ही त्याची मोठी सोय.

तर, अल्बम. अक्काचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात. माझं म्हणणं होतं की होम करावा, दिव्यांनी ओवाळावं, गोडाचं जेवण घालावं आणि गप्प बसावं. हजार पौर्णिमा बघितलेल्या बाईचा अल्बम हवाच, हे तुझं. मे महिन्यात आलीस, तुझा कॅमेरा, माझा फोन आणि अक्काच्या उशाशी असतो तो माझा जुना फोन, या सगळ्यांतले फोटो एका सॉफ्टवेअरमध्ये ओतलेस, लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवलास आणि म्हणालीस, "ताई, सोपं आहे. आधी निवडायचे, मग चेहऱ्यांना नावं द्यायची, मग उजेड नीट करायचा, कडा कापायच्या, आणि केव्हिनच्या स्टुडिओत पाठवून द्यायचे. सगळं एकाच ठिकाणी." आणि बंगळूरची गाडी पकडायला कुडाळला गेलीस. काम सोपं आहे असं सांगून कुडाळ गाठायचं, ही तुझी सवय जुनीच.

पण मी शिकले बरं का. जन्मभर पोरांना संस्कृतचे धातू घोटायला लावले, मला हे काय जड? फोटोला एक ते पाच तारे द्यायचे. सुरुवातीला मी उदार होते, मग शाळेतला हात वळला. पाच तारे म्हणजे पैकीच्या पैकी, ते मी आजवर कुणाला दिलेले नाहीत, फोटोंना का द्यावेत? अगदीच नापास असेल त्याला काळा झेंडा. झेंडा लावला की तो फोटो करडा पडतो आणि रांगेतून मागे जातो. या झेंड्यात एक सुख आहे, ते शाळेत मिळत नाही. तिथे पालक येतात.

आणि मला सगळ्यांत आवडलं ते हे की मूळ फोटोला धक्का लागत नाही. तू वाटेल तेवढा उजळ, काप, काळवंडव, मूळ आपला आत निर्विकार बसलेला. विकार सगळे वरच्या थरात. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं कधीतरी वेदान्ताचा वर्ग केला असणार, आणि लक्ष देऊन.

आता फोटोंबद्दल. तुझे फोटो फार सुंदर आहेत. हे मी प्रामाणिकपणे लिहिते आहे आणि लिहिताना शाई घट्ट झाली आहे. तुझ्या फोटोंत अक्का हसते. काळा गॉगल लावून तारकर्लीच्या पुळणीवर हसते, फणसाचा गरा तोंडात धरून हसते, अबोलीचा वळेसर माळून, मान मागे टाकून, जबड्यातला रिकामा कोपरा दाखवत हसते.

माझ्या फोनात अक्का अवयवशः आहे. सुजलेला पाय, कुडाळच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी. तोच पाय, सूज उतरल्यावर. जीभ. मानेवरचं पुरळ. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा, हिरव्या पट्टीसकट. मधूनमधून गोळ्यांची पाकिटं आणि विजेचा मीटर. क्वचित पूर्ण चेहरा, तोही 'आता कशाक काढतंस गो' असा. एवढी वर्षं तिच्यासोबत राहून माझ्याकडे एक अल्बम जमला आहे, तो फक्त एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला उपयोगी पडेल.

एक गंमत. हे सॉफ्टवेअर चेहरे ओळखून एकेका माणसाचे गठ्ठे करतं, हे तू सांगितलंच होतंस. त्यानं अक्काचे दोन गठ्ठे केले. एकात तुझ्या फोटोतली, एकात माझ्या. आणि दोघींचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून मला विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का? खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

मी कुठलं दाबलं, हा या पत्राचा विषय नाही.

तारकर्लीचा फोटो पहिल्या पानावर घ्यावा असं मनात आहे. उजव्या बाजूला उजेड फार होता, म्हणून तिकडची कड थोडी कापली आहे.

कोकमाच्या आगळाची बाटली केयूरच्या मित्राबरोबर पाठवली आहे. उघडताना खाली फडकं धर.

तुझी,
ताई


२३ नोव्हेंबर

प्रिय गौरी,

मागच्या पत्राला तुझा फोन आला, त्यात तू आगळाबद्दल बोललीस, पंपाच्या मोटरबद्दल दोनदा विचारलंस, आणि पत्राबद्दल एवढंच म्हणालीस की "ताई, अक्षर अजून तसंच आहे तुझं." हे कौतुक की शेरा, ते ठरवता आलं नाही. स्पीकरवर होतीस, म्हणून सोडून दिलं.

शनिवारी भरड नाक्यावर केव्हिनच्या स्टुडिओत गेले. आपला केव्हिन रोझारियो, माझा विद्यार्थी, दहावीला मार्कांसाठी संस्कृत घेतलेला. आता पोट सुटलंय, पण मला बघून अजून स्टूल सोडून उभा राहतो. मी निवडलेले फोटो त्यानं मोठ्या पडद्यावर लावले. तारकर्लीच्या फोटोपाशी थांबला. पुढे गेला, परत मागे आला.

"बाई, हो हात कोणाचो?"

"कुठला हात?"

"हो बघा. अक्काच्या खांद्यार. बांगडी आसा, घड्याळ आसा, मानूस खंय?"

बघते तर खरंच. मी कड कापली ती खांद्याच्या पलीकडून, आणि हात राहून गेला होता. चार बोटं आणि तुझं ते चौकोनी घड्याळ. मी म्हटलं, "नातेवाइकाचा आहे."

"नातेवायकाचो मगे नातेवायक कित्याक काढलास? लोकां म्हणतली, अक्काच्या मानगुटीर कोणतरी बसलाहा."

मी म्हटलं, "केव्हिन, तू उजेडाचं बघ." तो उजेडाचं बघायला लागला, पण त्याच्या पाठीवरून मला कळत होतं की तो हसतोय. पाठीवरून पुष्कळ कळतं. पोरं फळ्याकडे बघत असताना मी त्याच आधारावर जगले.

घरी येऊन अक्काला लॅपटॉपवर सगळे दाखवले. चष्मा पुसून, पदरानं पुन्हा पुसून बघितले. फणसाचा बघून खूश झाली. मग विचारलं,

"गौरी खंय आसा गो?"

"ती फोटो काढत होती."

"सगळ्या फोटोत?"

"हो."

"आणि तू?"

"मी निवडत होते."

मग म्हणाली, "ह्येच्यात माझ्याशिवाय कोणच नाय. मी काय एकटी रवतंय?"

पेज गार होतेय म्हणून उठले.

एक तुला माहीत नसलेली गोष्ट सांगते. संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल येतो ना, त्याच्या आधी अक्का वेणी घालून घेते. माझ्याकडून. "नीट घाल, गौरी बघतली." पावडरही लावून घेते. तू म्हणतेस, "अक्का, काय फ्रेश दिसतेस गं!" मी मागे फणी धरून उभी असते, फोनच्या चौकटीच्या बरोब्बर बाहेर. तुझा फोन ठेवला की ती पिना काढते आणि मला विचारते, "आता गोळी देतंस?"

हे तक्रार म्हणून लिहीत नाही. माहिती म्हणून लिहिते आहे.

ता. क. अक्काच्या उशाशी जो जुना फोन आहे त्यातूनही बरेच फोटो आले आहेत. बहुधा तुला फोन लावायला जाते आणि कॅमेरा उघडतो. सगळे हललेले, कोपऱ्यात तिचा अंगठा. त्या सगळ्यांना झेंडा लावून टाकला. एवढा कचरा आपण ठेवतो कशाला?

ताई


२ डिसेंबर

गौरी,

आज वेगळा मायना नको. आशीर्वाद द्यायच्या अवस्थेत मी नाही.

शुक्रवारी शाळेतून आले, लॅपटॉप उघडला, तारकर्लीचा फोटो काढला आणि बघते तर तू परत आलेली. त्या हाताला देह फुटला होता. केस वाऱ्यानं तोंडावर, डोळे बारीक केलेले, अक्काच्या खांद्यावर हात टाकून तू सरळ माझ्याकडे बघत होतीस. मला क्षणभर खरंच वाटलं की केव्हिन म्हणाला ते मानगुटीवरचं उतरून समोर आलं.

मग बाकीचे बघितले. काळा झेंडा लावलेले, तू टायमर लावून काढलेले तुझे फोटो, तू आणि अक्का, तू आणि अक्का आणि फणस, तू अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून झोपाळ्यावर, सगळे तसेच नापास, करडे पडलेले. त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. पण मी कचऱ्यात टाकलेले जुन्या फोनातले फोटो वर आले होते, एकूण एक. आणि त्यांना तारे होते. पाच पाच. मी तर कुणाला पाच देत नाही.

केव्हिनला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, कॅटलॉग तुमचो आणि गौरजाचो एकच आसा मां? तुम्ही हयसर काय केल्यात ता थंय दिसता."

"कधी दिसतं?"

"लगेच."

"लगेच म्हणजे?"

"लगेच म्हणजे लगेच, बाई."

तू मे महिन्यात हे सांगितलं असशीलच. 'आपलं दोघींचं' असं काहीतरी म्हणाली होतीस, ते मी बहिणी बोलतात तसं समजले. मला वाटलं, तुझी प्रत तुझ्याकडे, माझी माझ्याकडे. आणि मी रोज शाळेतून येऊन, चहा घेऊन, चष्मा लावून तुला नापास करत बसले, आणि तू वर्गात पुढच्या बाकावर बसून बघत होतीस. मी टपालपेटीत टाकलेलं पत्र सावंतवाडी ओलांडेपर्यंत त्यातलं सगळं तुला ठाऊक झालेलं असायचं. उजव्या बाजूला उजेड फार होता, हे वाचून तू हसली असशील. निदान हसली असशील, असं मी धरून चालले आहे. फोनवर तू पंपाच्या मोटरची चौकशी करत होतीस ती कशासाठी, तेही आता कळलं.

तेव्हा लपवण्यात अर्थ नाही, लिहूनच टाकते. मला तुझा हेवा वाटतो. षड्रिपू शिकवताना मी मुलांना सांगते की मत्सर शेवटी येतो, पण आधीचे पाच दमले तरी तो दमत नाही. कुठून कळलं होतं, ते त्यांना सांगत नाही. तुझ्या संसाराचा नाही, नोकरीचा नाही, त्या बंगळुरातल्या हवेचा तर मुळीच नाही. त्या हसण्याचा. वर्षाला दोनदा येऊन तू ते घेऊन जातेस, कॅमेऱ्यात घालून, आणि उरलेली अक्का माझ्याकडे ठेवतेस. उरलेलीला मी अंघोळ घालते. ती माझ्याकडे बघून तशी का हसत नाही, हे मी तिला विचारू शकत नाही, कारण विचारलं तर ती हसून दाखवील, आणि ते मला नको आहे.

आणि त्या बटणांपैकी मी 'नाही' दाबलं होतं. दोन वेगळ्या व्यक्ती. माझ्या गठ्ठ्याला नाव दिलं 'अक्का'. तुझ्या गठ्ठ्याला, 'अक्का, मे महिन्याची'. हेही तू वाचलंच असशील.

आता ते अंगठ्याचे फोटो. तू तारे दिलेस म्हणून मी ते पहिल्यांदा नीट बघितले. एकात मी मागच्या पडवीत बांगडे साफ करते आहे. एकात वह्या तपासते आहे. एकात पंपावर वाकले आहे, बहुधा त्याला शिव्या घालत असणार, संस्कृतात नव्हे. एकात दोरीवर तिचीच लुगडी वाळत घालते आहे. कशातही माझं तोंड नाही, सगळीकडे पाठ, आणि डाव्या कोपऱ्यात तांबूस ढगासारखा तिचा अंगठा. त्या वह्यांच्या फोटोखाली, जिथे मी कधी काही लिहीत नाही त्या जागेत, तुझी ओळ होती.

'ताई, अक्कानं माझा असा एकही काढलेला नाही. मी शोधून बघितलं.'

ती ओळ वाचून मी लॅपटॉप बंद केला. परत उघडला. शोधून बघितलंस, म्हणजे तुला नसेल हे वाटत होतं आणि तरी बघितलंस.

लॅपटॉप घेऊन अक्काकडे गेले. ती खाटेवर लसूण सोलत होती.

"अक्का, हे चुकून निघालेत ना?"

चष्मा लावून बघितलं. "चुकान कसे? बटान दाबल्याशिवाय फोटो येता?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगलंय तर तू वळतलंस. वळलंस काय तोंड करतंस."

"कसलं तोंड?"

"ह्यां असां," म्हणाली आणि तिनं माझं तोंड करून दाखवलं. गौरी, हुबेहूब. पेपर तपासतानाचं. मी बारा वर्षांची असल्यापासून ते तोंड ती बघत असणार.

"गौरीचे का नाही काढलेस?"

"गौरी खंय पाठ करून बसता? इली काय माझ्या म्होरे बसता, कॅमेरो घेवन. मी हसतंय, ती काढता. मी हसूक नाय तर तिका वाटात, माका बरां नाय." लसणीची साल फुंकून उडवली. "दोन दिवसांसाठी येता गो ती. हसाक नको?"

मग तो 'एकच व्यक्ती आहे का'चा पडदा पुन्हा उघडून तिच्यासमोर धरला, एका बाजूला तुझी, एका बाजूला माझी. "ह्या दोघी कोण?"

"मीच."

"दोन्ही?"

"एक औषध घेतल्यावरची, एक आंबो खाल्ल्यावरची. तुका कळूक नाय?"

नाही कळलं. सॉफ्टवेअरलाही नाही कळलं, एवढाच दिलासा. मी 'हो' दाबलं. दोन गठ्ठे एकमेकांत शिरले, पाय, जीभ, गॉगल, फणस, हिरवी पट्टी, सगळं एकाच नावाखाली. तुझ्याकडे लगेच दिसलं असेल. लगेच म्हणजे लगेच.

अल्बम केव्हिनकडे आजच पाठवला. पहिल्या पानावर तारकर्ली, हातासकट, घड्याळासकट, तुझ्यासकट. तुझ्या सगळ्या फोटोंवरचे झेंडे काढले. झोपाळ्याच्या फोटोला चार तारे दिले आहेत, पाचवा मनात होता. शेवटच्या पानावर माझी पाठ, अंगठ्यासकट. केव्हिन म्हणाला, "बाई, हो आंगठो क्रॉप करूया?" मी म्हटलं, एवढा सोडून बाकी काय वाटेल ते काप.

हेवा गेला असं समजू नकोस. आता नवीन झालाय. ते अंगठ्याचे फोटो मी रोज समोर असून कचऱ्यात टाकले आणि तू बंगळुरात बसून आधी बघितलेस, याचा. हा बहुधा जन्मभर पुरेल. तुझा काय असेल तो तू सांभाळ. त्याच्यावर मात्र एक तोड मला सुचली आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी येऊ नकोस, चार दिवस आधी ये. कॅमेरा बॅगेतच राहू दे. अक्काच्या समोर बसू नकोस. बांगडे मी बाजारातून आणून ठेवीन, साफ तू कर. मागच्या पडवीत, पाटावर, दाराकडे पाठ करून. वेळ लागला तरी चालेल, तुला सवय नाही, लागेलच. आणि मागे काहीही वाजलं तरी वळून बघू नकोस.

जुना फोन मी चार्ज करून तिच्या उशाशी ठेवते.

तुझ्यावर जळणारी आणि तुझीच,
ताई